टर्मिनलची तोंडओळख – ९ : मॅनचे आठ विभाग आणि एक ओळ

गेल्या आठवड्यात आपण क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, रोज रात्री बॅकअप घ्यायच्या कामाला लावलं. त्यासाठी लिहिलेल्या ओळीतली वेळेची पाच घरं कुठल्या क्रमाने भरायची, हे आज किती जणांना आठवतंय? नसेल आठवत तर बिघडत नाही, ती पाठ करायची गोष्टच नाही. टर्मिनलवर ‘मॅन’ लिहावं, जागा सोडून ‘क्रॉनटॅब’ लिहावं आणि एंटर दाबावं. मॅन्युअलची ही पानं यंत्रातच असतात, इंटरनेट बंद पडलं तरी उघडतात.

बहुतेकांची निराशा मात्र इथेच होते. समोर येतं ते क्रॉनटॅब नावाच्या कमांडचं पान: यादी बघायची तर हे अक्षर, दुरुस्ती करायची तर ते, पुसायची तर तिसरंच. पाच घरांचा पत्ता नाही. माणूस चरफडत ब्राउझर उघडतो. खरं म्हणजे त्याला ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ हवं होतं. एकाच नावाची दोन पानं आहेत. एक कमांडचं, दुसरं ती कमांड जी फाइल हाताळते तिच्या रचनेचं. पहिल्या पानाच्या तळाशी ‘सी ऑल्सो’ या मथळ्याखाली दुसऱ्याचा उल्लेख असतो, कंसात आकडा घालून. तो आकडा म्हणजे विभाग.

लिनक्सवर असे आठ विभाग: पहिल्यात रोजच्या कमांड, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात लायब्ररीतली फंक्शनं, चौथ्यात उपकरणं, पाचव्यात फाइलींची रचना, सहाव्यात खेळ, सातव्यात संकीर्ण, आठव्यात अ‍ॅडमिनची कामं. सामान्य वापरणाऱ्याने एक, पाच आणि आठ लक्षात ठेवले तरी भागतं.

आता ते पाचव्या विभागातलं पान उघडा. मिनिट, तास, तारीख, महिना, वार हा क्रम तर तिथे मिळतोच, पण खरा ऐवज पुढे आहे. समजा, महिन्याची पहिली तारीख सोमवारी आली तरच एखादं काम चालवायचंय. म्हणून आपण तारखेच्या घरात १ लिहितो आणि वाराच्या घरातही १. क्रॉन मात्र ते काम दर सोमवारी करतो आणि वर दर पहिल्या तारखेलाही करतो. ही दोन्ही घरं भरलेली असली तर त्यातलं कुठलंही एक जुळलं की पुरे, असा त्याचा नियम आहे. विचित्र वाटतो, पण पानावर स्वच्छ लिहिलेला आहे. शोधायला तिरकी रेघ टाइप करून शब्द लिहायचा, पुढच्या ठिकाणी जायला ‘एन’, बाहेर पडायला ‘क्यू’. ही पानं अथपासून इतिपर्यंत वाचायला बसू नये. रेल्वेचं वेळापत्रक कोणी तसं वाचत नाही.

नेटवर सगळं मिळतं की, असं म्हणणाऱ्यांना ‘सेड’ ही कमांड दाखवावी. फाइलमध्ये जागच्या जागी बदल करायचा तिचा ‘उणे आय’ हा पर्याय लिनक्सवर एकटा चालतो. मॅकवर त्याच्यापुढे जुन्या प्रतीसाठी काहीतरी प्रत्यय द्यावाच लागतो, निदान रिकामी अवतरणचिन्हं तरी. नेटवरून उचललेली ओळ मॅकवर अडते ती यामुळे. उत्तर बरोबर असतं, पण दुसऱ्याच्या यंत्राचं असतं. तुमच्या यंत्रातलं मॅन पान तुमच्याच यंत्रातल्या सेडचं असतं.

अर्थात, कोणीतरी ते प्रोग्रॅमबरोबर बदलत ठेवलं तरच. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं मॅन्युअल लिहिलं. पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ते लिहून घेण्यामागे आग्रह होता त्यांचे वरिष्ठ डग मॅकिलरॉय यांचा. पानाच्या शेवटी ‘बग्ज’ असा मथळा ठेवून आपल्याच प्रोग्रॅमचे दोष छापायची रीत तेव्हापासूनची. मॅकिलरॉय यांनी पुढे सांगितलंय की नवी आवृत्ती निघायची वेळ आली की धांदल उडे. काही गोष्टी कागदावर उतरवतानाच लक्षात येई की हे छापण्यासारखं नाही, आणि मग मजकुराऐवजी प्रोग्रॅमच सुधारला जाई. आपल्याकडे किती कंपन्यांच्या माहितीपुस्तकात ‘दोष’ असं प्रकरण असतं, हा विचार सहज मनात येतो.

लिनक्सचं डेबियन हे वितरण बनवणारे या बाबतीत कडक आहेत: प्रोग्रॅमला मॅन पान नसेल तर तोच एक बग धरला जातो. लिनक्सच्या सिस्टिम कॉलांची पानं वेगळ्या प्रकल्पात सांभाळली जातात. २००४ पासून कितीतरी वर्षं तो भार मायकेल केरिस्क यांनी वाहिला. कर्नेल लिहिणारे हजारो, पानं सांभाळणारे बोटांवर मोजण्याइतके, हे प्रमाण काही सुधारलेलं नाही.

तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टलाही पान लिहिता येतं. साधी मजकुराची फाइल असते. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे मांडणीच्या सूचना: ‘टिंब टीएच’ने पानाचं नाव आणि विभाग, ‘टिंब एसएच’ने मथळे. यात ‘नेम’ या मथळ्याखालची एक ओळ जिवापाड जपावी: प्रोग्रॅमचं नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि आडवी रेघ, मग काम एका वाक्यात. नाव आठवत नसताना ‘मॅन उणे के’ लिहून आपण विषयावरून शोधतो, तो शोध फक्त या नावांत आणि ओळींत होतो. ती रेघ चुकली, तर पान अस्तित्वात असूनही शोधात सापडेलच असं नाही. ‘बॅकअपसाठी उपयुक्त स्क्रिप्ट’ असं मोघम लिहिलंत तर सापडेल, पण पुढच्या माणसाला त्यावरून काहीच कळणार नाही. फाइल यूएसआर, लोकल, शेअर, मॅन या वाटेने मॅन१ फोल्डरमध्ये ठेवायची आणि अ‍ॅडमिनच्या अधिकाराने ‘मॅनडीबी’ चालवायचं. म्हणजे सूची लगेच ताजी होते.

पान मराठीत लिहिलं तर? मॅन आधी तुमच्या भाषेचा फोल्डर बघतो, तिथे पान नसेल तरच मूळ फोल्डरकडे वळतो. भाषा मराठी निवडली असेल तर तो ‘एमआर’ नावाचा फोल्डर शोधेल. जर्मन, फ्रेंच, जपानी पानं अशीच चालतात. मात्र मूळ पान बदललं आणि मराठी तसंच राहिलं, तरी मॅन मराठीच दाखवणार, आणि ते शिळं झाल्याची सूचना तो देत नाही. म्हणून भाषांतरित पान वाचताना तळाची तारीख बघावी. शंका आलीच तर मॅनच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहून मूळ इंग्रजी पान उघडावं.