चिनी ‘हॉट पॉट’ : अग्निपात्राचा इतिहास आणि आपला विवेक

उकळते पात्र पंक्तीच्या मध्यभागी ठेवावयाचे आणि त्यातील रसात मांसाचे पातळ काप, भाज्या, शेवया बुडवून ज्याने त्याने शिजवून घ्यावयाच्या, अशी एक भोजनपद्धती चीनमध्ये रूढ आहे. तिचे चिनी नाव ‘हुओगुओ’. ‘हुओ’ म्हणजे अग्नी आणि ‘गुओ’ म्हणजे भांडे. इंग्रजी ‘हॉट पॉट’ या नावाने ती जगभर पोहोचली. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे तिचे वर्णन सर्रास केले जाते. ते कितपत यथार्थ आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ‘प्राचीन’ हा शब्द आपल्या व्यवसायातही पदोपदी वापरला जातो.

पात्र निश्चितच जुने आहे. जिआंगशी प्रांतात नानचांगजवळ ल्यू ह या सामंताच्या (मृत्यू इ. स. पू. ५९) थडग्याच्या उत्खननात निखाऱ्यांची सोय असलेले कांस्यपात्र मिळाले. इ. स. तिसऱ्या शतकात त्साओ पी याने आपल्या मंत्र्यास पाच कप्प्यांचे पात्र दिल्याची नोंद आहे. खाण्याच्या रीतीचे स्पष्ट वर्णन मात्र तेराव्या शतकातील लिन होंग या लेखकाच्या पाकग्रंथात येते. वूयी पर्वतात सशाच्या मांसाचे मुरवलेले पातळ काप प्रत्येकाने उकळत्या पाण्यात हलवून खाल्ले, असे तो सांगतो. पुढे १७९६ मध्ये सम्राट छिआनलोंग याने वृद्धांना दिलेल्या मेजवानीत दीड हजारांहून अधिक अग्निपात्रे मांडली गेली.

त्याच सुमारास, १७९२ मध्ये, युआन मेई या रसिक ग्रंथकाराने या पद्धतीवर कठोर टीका केली. प्रत्येक द्रव्यास आपापला अग्नी हवा, कोणास मंद तर कोणास तीव्र. सर्वांना एकाच उकळीत घातल्यास स्वाद कसा राहील, हा त्याचा आक्षेप. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी ‘करण’ आणि ‘संयोग’ यांचे स्मरण वैद्यांस येथे सहज व्हावे.

आज प्रसिद्ध असलेला लालभडक, तिखट प्रकार मात्र अर्वाचीन आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील. चीनमधील तिचा आद्य उल्लेख १५९१ मधील गाओ लिअन याच्या ग्रंथात मिळतो. तो ग्रंथ आरोग्यरक्षणावरचा असूनही तेथे मिरची शोभेच्या वनस्पतींत गणली आहे. यांगत्से आणि जिआलिंग या नद्यांच्या संगमावरील चोंगचिंग शहरात नावाडी व हमाल स्वस्तात मिळणारी जनावरांची आतडी, जठर इत्यादी भाग तिखट रश्श्यात शिजवून खात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही रीत तेथे वाढली. गोवंशाच्या चरबीत परतलेला मसाला हे या रश्श्याचे वैशिष्ट्य. शाकाहारी व्यक्तीने केवळ भाज्या मागवल्या तरी रसाची चौकशी करावी, ती याचसाठी.

याच रश्श्यात जिभेस बधिरता आणणारे ‘हुआजिआओ’ हे फळ असते. ते कोकण-गोव्यातील तिरफळाच्या आणि आपल्या तुंबरूच्या कुळातील, किंबहुना त्यांच्याच प्रजातीगटातील आहे. मिरे तर भारतातूनच तेथे गेले. नवव्या शतकातील दुआन छंगशी याच्या ग्रंथात मिरे मगधदेशी होते असे सांगून त्याचे तेथील नाव दिले आहे. त्या चिनी उच्चारात ‘मरिच’ हा संस्कृत शब्द स्पष्ट ओळखू येतो.

या रश्श्याची एक चिंताजनक बाजूही आहे. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या अन्न व औषध प्रशासनाने पदार्थांत अफूच्या बोंडांची टरफले मिसळल्यावरून ३५ उपाहारगृहांवर ठपका ठेवला. गिऱ्हाईक पुन्हापुन्हा यावे, हा अशा भेसळीमागील हेतू. अहिफेनाचे गुण जाणणाऱ्यांस तिचे गांभीर्य वेगळे सांगणे नलगे.

तात्पर्य, पात्र दोन हजार वर्षांचे, रीत सुमारे आठशे वर्षांची, तर तिखट रस्सा जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. एका नावाखाली तिन्हींना ‘प्राचीन’ म्हणणे शास्त्रास धरून नाही. रुग्णाने असा आहार घेतल्याचे सांगितल्यास सरसकट निषेध किंवा स्तुती न करता रस कोणता, तिखट व स्नेह किती, मांस पूर्ण शिजले होते का, कच्च्या मांसाच्याच काड्यांनी जेवण केले का, हे विचारावे. अम्लपित्ताच्या आणि अर्शाच्या रुग्णांत तर हे प्रश्न अवश्य विचारावेत.

औषधनिर्मात्यांनाही यातून घेण्याजोगे आहे. लाल मिरची किंवा अहिफेन बृहत्त्रयीत नाही, म्हणून ती द्रव्ये त्याज्य ठरत नाहीत. उत्तरकालीन ग्रंथकारांनी परीक्षा करूनच नवी द्रव्ये स्वीकारली. परंतु वेष्टनावर ‘हजारो वर्षांपासून’ असे छापण्यापूर्वी कोणते द्रव्य, कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी, हे पडताळून पाहावे. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा वयाच्या मोठ्या आकड्यापेक्षा अशा चोख नोंदीनेच अधिक वाढेल, अशी आमची धारणा आहे.