तारीख पुढे गेली, पाठ केलेलं मागे राहिलं?

जपानी भाषेत ‘अँकी’ म्हणजे पाठांतर. आपल्याकडे पाठांतर म्हटलं की लगेच नाकं मुरडतात. घोकंपट्टी, पोपटपंची, रट्टा मारणं, सगळे शब्द टोमण्याचेच. पण पोलीस भरतीची लेखी किंवा एमपीएससीची पूर्वपरीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा. ‘हे वाचलंय यार, कुठल्या पानावर होतं तेही दिसतंय, फक्त उत्तर आठवत नाहीये’ अशी परीक्षा हॉलमध्ये जी अवस्था होते ना, ती दर वेळी अभ्यास कमी पडल्यामुळे होत नाही. बऱ्याचदा अभ्यास झालेला असतो, उजळणी भलत्याच दिवशी झालेली असते.

मग योग्य दिवस कोणता? तो शोधून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे अँकी. डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ते २००६ मध्ये आणलं. कल्पना साधी आहे. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. आठवलं की नाही ते तुम्ही बटण दाबून सांगायचं आणि ते कार्ड पुन्हा कधी समोर आणायचं हे अँकीने ठरवायचं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो. कॉम्प्युटरवर ते फुकट मिळतं. अँड्रॉइड मोबाइलसाठी ‘अँकीड्रॉइड’ नावाचं अ‍ॅप स्वयंसेवकांनी केलंय, तेही फुकट. आयफोनचं अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं. (नावात अँकी असलेली दुसरीही अ‍ॅप्स सापडतील, तेव्हा डाउनलोड करताना नाव नीट वाचा.)

या अँकीत गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल आला तो २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस, २३.१० या आवृत्तीबरोबर. आधीची आवृत्ती २.१ च्या घरात होती, तिथून एकदम तेवीस! कारण आता आकड्यात वर्ष आणि महिना येतो. पण खरी बातमी आकड्यात नाही, आतल्या हिशेबात आहे.

जुना हिशेब पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या पद्धतीवर बेतलेला होता. कार्ड बरोबर आलं की पुढचं अंतर साधारण अडीच पट. आज, मग अडीच दिवसांनी, मग सहा, मग पंधरा. चुकलं की तो गुणक कमी होणार. ‘हार्ड’ दाबलं तरी कमी होणार. त्यामुळे चार-पाच वेळा चुकलेलं एखादं कार्ड नंतर तुम्हाला तोंडपाठ झालं तरी दर दोन-चार दिवसांनी दार ठोठावत राहायचं. जुने वापरकर्ते या प्रकाराला वैतागलेले होते आणि ते साहजिकच होतं.

नव्या आवृत्तीत एफएसआरएस नावाची पद्धत आली. ती रचली जॅरेट ये या चिनी तरुणाने. पदवीचं शिक्षण घेत असतानाच त्याने या विषयावर शोधनिबंध लिहिला आणि तो २०२२ मध्ये केडीडी या मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारला गेला. त्याची पद्धत प्रत्येक कार्डाबद्दल तीन गोष्टींचा अंदाज घेते. कार्ड किती अवघड आहे, आठवण किती पक्की बसलीये, आणि आत्ता या क्षणी ते आठवण्याची शक्यता किती टक्के आहे. ही शक्यता नव्वद टक्क्यांवर घसरायला किती दिवस लागतील, त्यावरून पुढची तारीख पडते. मुख्य म्हणजे हा हिशेब तुमच्याच जुन्या उत्तरांवरून शिकत जातो. तुम्हाला सनावळ्या लवकर विसरायची सवय असेल आणि मैत्रिणीला कलमांचे आकडे, तर दोघींचं वेळापत्रक वेगळं. तेवढंच लक्षात ठेवायला वीस ते तीस टक्के कमी उजळण्या लागतात, असं या पद्धतीचे कर्ते सांगतात.

बरं, कोरेगाव भीमात बसून हे कुणाला कशाला हवं?

हवंय, कारण इथल्या मुलांचा वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो. एका बाजूला सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्या आणि त्यांच्या शिफ्ट, दुसऱ्या बाजूला पुण्यातले क्लास आणि अभ्यासिका, आणि मधे नगर रस्ता. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, रस्ता अजून नगर रस्ताच आहे.) वाघोलीच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये उभ्याने जाड पुस्तक उघडता येत नाही, पण एका अंगठ्याने चाळीस कार्डं होतात. नेट लागत नाही, कार्डं मोबाइलमध्येच असतात.

आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. आपल्या परीक्षांच्या तारखा! २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला व्हायची होती. ती पुढे गेली. मग २५ ऑगस्ट ही तारीख आली. त्याच दिवशी बँकेची परीक्षा, म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि ती तारीखही गेली. परीक्षा झाली १ डिसेंबरला. एप्रिलसाठी रात्री जागून भरलेलं डोकं डिसेंबरपर्यंत तसंच भरलेलं कसं राहणार? मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा खोलीचं भाडं, पुन्हा मेसचे पैसे. ज्यांच्या घरून ते पैसे येत राहतात त्यांचं निभावतं. बाकीचे गावी परततात, कंपनीत लागतात आणि ‘तारीख आली की बघू’ म्हणतात. दिवसाला वीस मिनिटांत सगळा अभ्यासक्रम धुगधुगता ठेवणारी पद्धत या दुसऱ्या मुलांच्या जास्त कामाची आहे, असं मला वाटतं. मधे पंधरा दिवस खंड पडला तरी नवी पद्धत तो खंड हिशेबात धरते. इतक्या दिवसांनंतरही कार्ड आठवलं, म्हणजे ते चांगलंच पक्कं आहे, असं मानून पुढचं अंतर वाढवते.

आता कार्डं. तयार संच इंटरनेटवर भरपूर आहेत, पण बरेचसे इंग्रजीत. शिवाय ते शिळे होतात. २०२३ च्या आधीच्या संचात जिल्हा औरंगाबाद आणि उस्मानाबादच असणार, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव नसणार. म्हणून स्वतःची कार्डं स्वतः करा. मराठीत टाइप केलेलं सगळं व्यवस्थित चालतं. आणि कार्ड करता करताच अर्धा अभ्यास होतो.

सुरुवात घराजवळून करा. ‘भीमा नदीची माहिती सांगा’ हे कार्ड वाईट, कारण बरोबर आलं की चूक हेच ठरवता येत नाही. वोझ्नियाक यांचा आग्रहच होता की एका कार्डावर एकच गोष्ट. ‘इंद्रायणी भीमेला कुठे मिळते?’ तुळापूर. ‘उजनी धरण कोणत्या नदीवर?’ भीमा. ‘पंढरपुरात भीमेला काय म्हणतात?’ चंद्रभागा. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जयस्तंभाला भेट दिली ती तारीख?’ १ जानेवारी १९२७. आणि हे खास: ‘कोरेगाव भीमाच्या १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ कोणत्या गावात?’ भलेभले कोरेगाव म्हणतात. स्तंभ नदीच्या अलीकडे पुण्याच्या बाजूला, हवेली तालुक्यातल्या पेरणे गावात आहे. कोरेगाव पलीकडे, शिरूर तालुक्यात. चार पर्यायांच्या प्रश्नात नेमका इथेच घोळ होतो आणि एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात.

एक गोष्ट मात्र या नव्या पद्धतीत सांभाळावी लागते. उत्तरासाठी चार बटणं असतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. उत्तर आठवलं नाही पण ‘अगदी जिभेवर होतं’ म्हणून हार्ड दाबायचा मोह होतो. दाबू नका. एफएसआरएसच्या लेखी अगेन म्हणजे विसरलो, बाकी तिन्ही म्हणजे आठवलं. हार्डचा अर्थ ‘त्रास झाला, पण आलं’ एवढाच. विसरलेल्या कार्डावर हार्ड दाबत गेलात तर त्याची समजूत होईल की याला सगळं आठवतं, आणि ते कार्ड महिनाभर दिसणारच नाही. समोर मास्तर नाही, निकालाची यादी नाही, हसणारं कुणी नाही. तरीसुद्धा माणूस इथे थाप मारतो, हे गमतीचंच आहे.

२३.१० मध्ये ही पद्धत आपोआप सुरू होत नाही. संचाच्या ‘डेक ऑप्शन्स’मध्ये जाऊन एफएसआरएस चालू करायचं. हजारभर उत्तरं जमेपर्यंत मूळचेच आकडे राहू द्यायचे, मग ‘ऑप्टिमाइझ’ दाबायचं. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरत असाल तर दोन्हीकडे नवी आवृत्ती हवी, नाहीतर दोन ठिकाणी दोन हिशेब चालतात. ‘मला नव्वद नको, सत्याण्णव टक्के आठवायला हवं’ म्हणून आकडा वाढवलात तर उजळण्यांचा डोंगर होईल. नव्वद पुरे.

आणि हे सगळं पूर्वपरीक्षा, भरती, तलाठी अशा पर्यायांच्या पेपरांसाठी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे भीमा खोऱ्यातल्या पाणीवाटपावर पानभर लिहायचं असेल तर कार्ड तुम्हाला नद्या आणि धरणं आठवून देईल, मुद्दा सुचवणार नाही. त्यासाठी वही, पेन आणि तपासून देणारा कुणीतरी लागतोच.

सुरुवातीला रोज दहा नवी कार्डं घ्या, जास्त नको. दहा नव्यांमागे काही आठवड्यांनी रोजच्या शंभरेक उजळण्या होतात. तेवढ्या सणसवाडी ते वाघोलीत सहज बसतात. कोंडी असेल तर लोणीकंदलाच संपतात.