राष्ट्रपती, युद्ध आणि कापूस : पूर्णेच्या मतदाराचे मत पोहोचते कुठे?

विशेष प्रतिनिधी, परभणी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की तेथील मतदार उमेदवारांना दोन प्रश्न हमखास विचारतो. देशाला युद्धात लोटणार काय आणि आमच्या खिशाचे काय करणार? २००४ मध्ये जॉर्ज बुश आणि जॉन केरी यांच्यातील लढत इराक युद्धाभोवती फिरत राहिली. २००८ मध्ये बराक ओबामा आणि जॉन मॅकेन यांच्या लढतीत युद्धाच्या जोडीला आर्थिक अरिष्टाचा मुद्दा आला. भारतातही राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांची नावे जाहीर झाली की चर्चा रंगते. परभणी जिल्ह्यातील पूर्णेसारखे रेल्वे जंक्शनचे गाव त्याला अपवाद नाही. मात्र या चर्चेत एक मूलभूत गोष्ट सहसा निसटते. येथील मतदार राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला मत देत नाही आणि ज्या प्रश्नांवर त्याला मत द्यावेसे वाटते, ते प्रश्न राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने सोडवत नाहीत.

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यांची पाच वर्षांची मुदत जुलै २०२७ पर्यंत आहे. त्यामुळे ही व्यवस्था समजून घेणे अगत्याचे ठरते.

आठशे पंचाहत्तरचे वजन

राज्यघटनेच्या कलम ५४ नुसार संसदेचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य राष्ट्रपतींची निवड करतात. दिल्ली आणि पुद्दुचेरी विधानसभांच्या सदस्यांनाही हा अधिकार आहे. विधान परिषदेच्या आमदारांना तो नाही. म्हणजे परभणी-हिंगोली स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून निवडून गेलेला आमदार या निवडणुकीत पूर्णेच्या सामान्य नागरिकाइतकाच प्रेक्षक असतो.

मतांचे मूल्यही सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने आणि नंतर एक हजाराने भागले की एका आमदाराचे मतमूल्य मिळते. यासाठी आजवर १९७१ च्या जनगणनेचा आधार घेतला गेला आहे. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. २८८ आमदारांच्या हिशेबाने प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५ ठरते. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. पूर्णा गंगाखेड विधानसभा आणि परभणी लोकसभा मतदारसंघात येते. या दोघा प्रतिनिधींचे मिळून वजन झाले ८७५. देशभरातील एकूण मतमूल्य होते १० लाख ८६ हजार ४३१.

हे गणित कायमचे नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंतच १९७१ चा आधार चालेल, अशी घटनेतील तरतूद आहे. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा या गोठवणुकीमागील हेतू. केवळ अंदाजासाठी २०११ ची लोकसंख्या धरली, तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य ३९० होते आणि बिहारच्या आमदाराचे ४२८. जुन्या हिशेबात बिहारचे मूल्य १७३, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी होते.

मत एका आघाडीला, पसंती दुसऱ्या उमेदवाराला

या अप्रत्यक्ष पद्धतीचा अनुभव परभणीकरांना २००७ मध्ये आला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत येथून शिवसेनेचे तुकाराम रेंगे पाटील विजयी झाले होते. शिवसेना भाजपसमवेत राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती. परंतु २००७ मध्ये आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावत यांना डावलून शिवसेनेने काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला. महाराष्ट्राची कन्या राष्ट्रपती व्हावी, ही भूमिका त्यामागे होती. २०१२ मध्येही शिवसेनेने आघाडीची वाट सोडून प्रणव मुखर्जी यांची पाठराखण केली.

यात नियमभंग काही नव्हता. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. परिणामी आपल्या प्रतिनिधीने कोणाला पसंती दिली, हे मतदाराला अधिकृतपणे कधीच कळत नाही. त्याने मत दिले होते एका आघाडीला. ते राष्ट्रपती भवनाच्या वाटेवर कुठे वळले, याचा हिशेब मागण्याची सोय नाही.

सरसेनापती, पण निर्णय मंत्रिमंडळाचा

कलम ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे. मात्र कलम ७४ त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा दिली. तोच सल्ला पुन्हा आला, तर तो मानावाच लागतो.

मराठवाड्याच्या इतिहासात सैन्यबळाचा सर्वात निर्णायक प्रसंग १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांतील हैदराबादवरील कारवाईचा. तेव्हा भारतात राष्ट्रपती नव्हते, निजामी राजवटीतील पूर्णेच्या रहिवाशाला देशाचे सरकार निवडणारे मतही नव्हते. निर्णय नेहरू आणि पटेल यांच्या सरकारने घेतला.

पुढे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी पुकारली गेली. जाहीरनाम्यावर सही राष्ट्रपती राधाकृष्णन यांची होती. पण पराभवाचा जाब कोणाला द्यावा लागला? संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना. खासदारांच्या दबावामुळे त्यांना पद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. युद्धाची जबाबदारी संसदेच्या मार्गाने ठरते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

एक अधिसूचना आणि कापसाचा भाव

आर्थिक धोरणाबाबत तर राष्ट्रपतींना आणखी कमी वाव आहे. साधे विधेयक ते संसदेकडे परत पाठवू शकतात, धन विधेयक नाही.

परभणीच्या शेतकऱ्यासाठी हा पुस्तकी विषय नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातील २५ टक्के रशियाकडून तेल खरेदी केल्याबद्दल होते आणि त्याची पार्श्वभूमी युक्रेन युद्धाची होती. फटका बसणाऱ्यांत वस्त्रोद्योग अग्रभागी होता. याच सुमारास केंद्राने कापसावरील सुमारे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली.

गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु वेचणीचा आणि बाजारात माल येण्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. बाहेरचा कापूस स्वस्त झाला की देशी मालाच्या भावावर दबाव येतो. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण हमीभावाचा आधार सरकारी खरेदी केंद्रापर्यंत पोहोचणाऱ्यालाच मिळतो.

एका दूरच्या युद्धाचा परिणाम अशा रीतीने वॉशिंग्टन आणि दिल्लीमार्गे पूर्णेच्या शिवारात आला. या साखळीत ज्या राष्ट्राध्यक्षांचा निर्णय होता, त्यांच्यासाठी येथील शेतकऱ्याला मत नाही. ज्या राष्ट्रपती आपल्या आहेत, त्यांचा निर्णय नव्हता. अधिसूचना निघाली केंद्रीय वित्त मंत्रालयातून.

प्रश्न विचारायचे कोणाला?

म्हणून राष्ट्रपतिपद निव्वळ शोभेचे ठरत नाही. त्रिशंकू लोकसभेत सरकार स्थापनेसाठी प्रथम कोणाला बोलवायचे, हे राष्ट्रपती ठरवतात. २००६ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत पाठवून संसदेला दुसऱ्यांदा विचार करायला लावला. अडवून थांबविण्याची, विचारायला लावण्याची ही ताकद आहे. धोरण ठरविण्याची नव्हे.

ते ठरविणारे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. सीमाशुल्काच्या अधिसूचना संसदेपुढे ठेवाव्या लागतात, त्यांवर प्रश्न विचारता येतो. युद्धाच्या खर्चावरही लोकसभेतच मतदान होते. पूर्णेच्या मतदाराला युद्ध आणि अर्थकारणावर मत नोंदवायचे असेल, तर त्याच्या हाती असलेली थेट जागा एकच आहे : परभणी लोकसभेची मतपेटी. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांबद्दलची मते चहाच्या टपरीवर रंगतात. कापूस आयातीच्या हंगामात तुम्ही सभागृहात काय बोललात, हा प्रश्न मात्र मत मागायला दारी येणाऱ्या उमेदवारालाच विचारावा लागेल.