तोल वयात नसतो, हँडलात असतो

मुलाला सायकल घ्यायला गेलेल्या आईला सोलापुरात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं मुलाबद्दल : "आधी साइडची चाकं लावा की ओ, तोल आला की काढून टाकू." दुसरं तिच्याबद्दल, तिनं स्वतःसाठीही सायकल विचारली तर : "आता ह्या वयात कुठं जमतंय ताई? तोल लहानपणीच येतोय." सांगणारा दुकानदार असो, शेजारी असो की सासरे, दोन्ही वाक्यं आपुलकीनं म्हटलेली असतात आणि दोन्ही चूक असतात. या दोन वाक्यांपायी किती मायलेकरांची सायकल अडून राहते याचा मला खरोखर त्रास होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सायकल उभी कशी राहते ते आधी पाहू. ती डावीकडे कलली की चालवणारा हँडल किंचित डावीकडेच वळवतो. त्यामुळे चाकं कलत्या अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. मग ती उजवीकडे कलते, हँडल उजवीकडे वळतं. तोल म्हणतात तो एवढाच : पडत्या बाजूला हँडल वळवत राहणं. ओल्या चाकांनी कोरड्या डांबरावरून सायकल नेऊन बघा, सरळ वाटणारा पुढच्या चाकाचा माग बारीक नागमोडी दिसेल.

"चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल पडत नाही," असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात याचा निकाल लावला. त्यांनी अशी एक सायकल बनवली, की जिच्यात उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला होता. ढकलून सोडल्यावर तीही, वर कोणी बसलेलं नसताना, सावरत राहिली. कारण ती कलू लागली की तिचं पुढचं चाक आपोआप त्याच बाजूला वळत होतं.

आता साइडची चाकं काय करतात बघा. ती सायकल कलूच देत नाहीत. कललीच नाही तर हँडल कधी आणि किती वळवायचं हे मूल शिकणार कुठून? उलट ते एका बाजूच्या चाकावर भार टाकून बसायला शिकतं, वळणावर बाहेरच्या बाजूला झुकायला शिकतं. आणि चाकं निघाली की हे सगळं आधी विसरावं लागतं. आपल्याकडच्या खड्ड्याखाचांत आणखी एक होतं. दोन्ही छोटी चाकं उंचवट्यावर टेकली की मधलं मागचं चाक अधांतरी राहतं. पायडल मारलं तरी सायकल पुढे जात नाही आणि मागचा ब्रेक दाबला तरी थांबत नाही. सुरक्षित म्हणून लावलेल्या वस्तूची ही गत!

आणि आग्रह करणाऱ्यांनी स्वतःचं शिकणं आठवावं. तासाच्या भाड्यानं आणलेली मोठी सायकल, मधल्या नळीखालून घातलेला पाय, हाफ पायडल. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बापाची सायकल दुपारी मिळाली तर तिच्यावर. साइडची चाकं कोणाच्या सायकलला होती?

योग्य रीत सायकलइतकीच जुनी आहे. कार्ल द्राइस या जर्मन गृहस्थांनी १८१७ साली पहिली दुचाकी रस्त्यावर आणली, तिला पायडलच नव्हतं. पायानं जमीन रेटायची आणि वेग आला की पाय उचलायचे. पायडल फ्रान्समध्ये १८६०च्या दशकात आलं. म्हणजे माणूस तोल आधी शिकला आणि पायडल मारायला मागून. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही पायडल नसलेल्या सायकलीवर सुरुवात केलेली मुलं साइडच्या चाकांवर शिकलेल्यांपेक्षा लहान वयात स्वतंत्रपणे सायकल चालवू लागल्याचं दिसलं. ही पाहणी लोकांच्या आठवणींवर आधारलेली आहे, तरी तिचा कौल वरच्या कारणांशी जुळतो.

त्यासाठी वेगळी महाग सायकल लागत नाही. पान्यानं दोन्ही पायडलं काढा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते सोडवताना पाना उजवीकडे फिरवायचा. हे माहीत नसल्यानं लोक आटे खराब करून ठेवतात. सीट इतकी खाली घ्या, की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग सपाट, मोकळी जागा, पायानं रेटणं, हळूहळू लांब लांब तरंगणं. नजर चाकावर नको, पुढे हवी. धरायचंच असेल तर मुलाच्या काखेत हलका हात ठेवा, हँडल मात्र धरू नका. न टेकता आरामात तरंगता आलं की पायडलं परत लावा.

आईसाठी रीत हीच, यात एक अक्षर बदलत नाही. मोठ्यांना भीती जास्त असते आणि पडण्याची उंचीही, म्हणून सीट खाली घेणं त्यांना तर अधिकच गरजेचं. मधली नळी खाली असलेली लेडीज सायकल घ्या आणि चेनकव्हर असू द्या, ओढणी आणि साडीसाठी. चक्कर येण्याचा किंवा हाडं ठिसूळ असण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वयाचं म्हणाल, तर सायकल मुळात मोठ्यांनीच शिकायची वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हा किर्लोस्कर बंधू सायकली विकत आणि पैसे घेऊन चालवायला शिकवतही. शिकणारे कोण, तर ती महागडी वस्तू परवडणारे मोठे लोक. अमेरिकेतल्या समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड ५३व्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर त्यांनी १८९५ साली पुस्तक लिहिलं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"वाढतं अंग आहे, एक नंबर मोठीच घ्या." पाय टेकत नसलेल्या सायकलीवर मूल शिकत नाही, घाबरतं.

"सायकलनं उंची वाढते." वाढत नाही. हाडांची लांबी आनुवंशिकता आणि पोषण ठरवतं.

"वयात आलेल्या मुलीनं सायकल चालवू नये." यामागे कौमार्याची जी कल्पना आहे तिला वैद्यकशास्त्रात आधार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली कौमार्य चाचण्या बंद करा असं सांगताना हे स्पष्ट केलं आहे. मुलींची शाळा या समजुतीपायी सुटू नये.

"गुडघे झिजतात." सायकलवर गुडघ्यावर चालण्यापेक्षा कमी भार येतो. दुखतात ते बहुधा सीट फार खाली राहिल्यानं. शिकून झालं की ती वर घ्या, पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी.

"सोलापूरच्या उन्हात कुठली सायकल?" पारा चाळिशीपार जातो तो दुपारी. एप्रिल-मेमध्येही पहाटेपासून साडेसातपर्यंतचा वेळ मायलेकरांना पुरतो. पाणी बरोबर न्या.

"गल्लीतच फिरायचंय, हेल्मेट कशाला?" कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार अपघातात हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६३ ते ८८ टक्क्यांनी कमी होतो. आईनं घातलं तर मूल घालतं.

"पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." एकदम करकचून दाबला तर खरं आहे. पण थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, म्हणून दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायला पहिल्या दिवसापासून शिकवा.