पीनट बटर : चमच्यातील उष्मांक आणि शेंगेतील शुद्धता

भुईमूग हे मराठी स्वयंपाकघरातील नित्याचे पीक आहे. साबुदाण्याच्या खिचडीतील कूट, सोलापूरची शेंगदाण्याची चटणी, दाण्याची आमटी, गुळाची चिक्की अशा अनेक रूपांत तो ताटात येतो. गेल्या काही वर्षांत या यादीत पीनट बटरची भर पडली आहे. व्यायामशाळेत जाणारे तरुण प्रथिनांसाठी ते विकत घेतात, मुलांच्या डब्यात ते पोळीला लावून दिले जाते आणि भुईमूग पिकविणाऱ्या भागांतील महिला बचत गट त्याचे उत्पादनही करू लागले आहेत. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो : हा पदार्थ पौष्टिक की वजन वाढविणारा?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पीनट बटर पौष्टिक आहे आणि त्यात उष्मांकही भरपूर आहेत. ते कसे लाभते हे दोन बाबींवर ठरते : खाणाऱ्याचा चमचा किती भरतो आणि ज्या शेंगेपासून ते बनले ती किती निरोगी होती. पहिली बाब आहारशास्त्राची, तर दुसरी शेतीची आहे. उष्मांक कमी करण्याच्या प्रयत्नात या दोन्ही बाबी एकत्र येतात, म्हणून त्यांचा विचारही एकत्रच करावा लागतो.

रुग्णांच्या आहारातून न्याहारीकडे

भाजलेले दाणे दळून त्याचा लगदा करण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट कॅनडातील मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्ये मिळाले. त्यानंतर मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी दाण्याच्या लगद्याचा वापर रुग्णांच्या आहारात केला आणि १८९५ मध्ये पेटंटसाठी अर्ज दाखल केला. घन अन्न चावणे कठीण जाणाऱ्यांना थोड्या घासांत भरपूर ऊर्जा मिळावी, हा या पदार्थाचा आरंभीचा उपयोग होता. आज त्याच गुणधर्मामुळे त्याचे प्रमाण सांभाळावे लागते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात भुईमुगाचा विस्तार होण्यामागे एका किडीचाही हात होता. मेक्सिकोतून १८९० च्या दशकात टेक्सासमध्ये शिरलेल्या, कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या सोंड्याने पुढील काही दशकांत तेथील कापूसशेती उद्ध्वस्त केली. अलाबामातील शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि त्यातून सावरले. तेथील एंटरप्राइज या गावाने १९१९ मध्ये चक्क त्या किडीचे स्मारक उभारले. याच काळात, १९१६ मध्ये, टस्कीगी येथील कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी भुईमुगाची लागवड आणि त्याच्या १०५ पाककृती सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पीनट बटरचा शोध त्यांनी लावला नाही. तथापि पीक आणि पदार्थ एकत्र शिकविण्याची त्यांची रीत आजच्या विस्तार कार्यालाही मार्गदर्शक आहे.

उष्मांकांचा हिशेब

१०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५६५ उष्मांक, म्हणजेच किलोकॅलरी, असतात. त्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम स्निग्धांश, १६ ग्रॅम कर्बोदके आणि त्या कर्बोदकांतच ८ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. एक ग्रॅम प्रथिने किंवा कर्बोदकांपासून ४, तर एक ग्रॅम स्निग्धांशापासून ९ उष्मांक मिळतात. त्यामुळे दाण्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा तेलातून येते. भाजताना पाणी उडून जाते, म्हणून पीनट बटरमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ५९० उष्मांक आढळतात.

व्यवहारात कोणी १०० ग्रॅम खात नाही. एक मोठा सपाट चमचा सुमारे १६ ग्रॅमचा असतो आणि त्यात ९५ उष्मांक व ४ ग्रॅम प्रथिने असतात. दोन चमच्यांचे १९० उष्मांक झाले, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीपेक्षा थोडे अधिकच. अडचण ‘सपाट’ या शब्दात आहे. पीनट बटर चिकट असल्याने चमच्यावर त्याचा ढीग सहज बसतो आणि एक चमचा समजून दोन चमच्यांइतका ऐवज पोटात जातो. दिवसाला असे दोन ढीग चमचे घेणाऱ्याच्या आहारात, त्याला कळत नसताना, जवळपास दोनशे उष्मांकांची भर पडते.

अख्खा दाणा, कूट आणि बटर

तिन्हींचा कच्चा माल एकच असला तरी शरीराला ते सारखे लाभत नाहीत. अख्ख्या दाण्यातील तेल पेशींच्या भिंतींत बंद असते. कितीही चावले तरी काही पेशी अभंग राहतात आणि त्यांतील तेल न पचताच बाहेर पडते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अख्खे शेंगदाणे खाणाऱ्यांच्या मलातून स्निग्धांशाचा जो वाटा बाहेर पडला, तो पीनट बटर खाणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक होता. बारीक दळताना पेशी फुटतात, तेल मोकळे होते आणि पचनासाठी सहज उपलब्ध होते.

कुटाची गोष्ट वेगळी आहे. कूट भुसभुशीत असल्याने एका मोठ्या चमच्यात त्याचे वजन पीनट बटरच्या सुमारे निम्मेच भरते. त्यामुळे ‘कुटाऐवजी तेवढेच चमचे पीनट बटर’ असा बदल केल्यास उष्मांक दुप्पट होतात. ज्यांना वजन आटोक्यात ठेवायचे आहे त्यांच्यासाठी मूठभर भाजलेले दाणे सावकाश चावून खाणे हा आजही उत्तम मार्ग आहे. पीनट बटर आवडत असेल तर ते जरूर खावे, मात्र मोजून.

आस्वाद घेताना पाळावयाची पथ्ये

• चमचा काठाशी सपाट करून घ्यावा. घरात छोटा वजनकाटा असल्यास आठवडाभर मोजून घ्यावे. पुढे नजरेला सवय होते.

• बरणीतून थेट खाऊ नये. ठरलेले प्रमाण वाटीत काढून बरणी बंद करावी.

• पीनट बटर आहारात वरून घालू नये, कशाच्या तरी जागी घ्यावे. भाकरीवर ते लावल्यास त्या वेळचे तेल, तूप किंवा लोणी टाळावे.

• एक चमचा पीनट बटर दोन-तीन चमचे दही किंवा कोमट पाण्यात घोटून त्यात तिखट, लसूण, लिंबू घातल्यास पातळ चटणी होते. तेवढेच उष्मांक अधिक घासांना पुरतात.

• काकडी, गाजर, पेरू, सफरचंद यांच्या फोडींसोबत खावे. पाणी आणि तंतुमय पदार्थ मिळाल्याने पोट लवकर भरते.

• भुईमुगाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि तृणधान्यांतही ते कमीच असते. म्हणून पोळी आणि पीनट बटर हे वरण, उसळ किंवा दुधाला पर्याय ठरत नाहीत.

भुईमुगाची अॅलर्जी असणाऱ्यांनी हा पदार्थ पूर्णपणे टाळावा आणि लहान बाळांना घट्ट गोळा भरवू नये, हेही विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. ग्रामीण भागही त्यातून सुटलेला नाही. शेतातील श्रम यंत्रांनी हलके केले असताना आहारातील छुप्या उष्मांकांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

लेबल वाचताना

चांगल्या पीनट बटरच्या घटकांत भाजलेले शेंगदाणे आणि फार तर थोडे मीठ एवढेच असते. तेल वर येणे हा दोष नव्हे. ढवळले की ते पुन्हा मिसळते. वरून तेल घातल्यास मात्र उष्मांक वाढतात. ९० ग्रॅम पीनट बटरमध्ये १० ग्रॅम तेल मिसळले की १०० ग्रॅममागील उष्मांक ५९० वरून ६२० पर्यंत जातात.

साखर किंवा गूळ यांचा परिणाम फसवा असतो. त्यांचे उष्मांक ग्रॅममागे दाण्यापेक्षा कमी असल्याने बरणीवरचा आकडा वाढलेला दिसत नाही, उलट किंचित घटतो. परंतु साखर येते तेवढी प्रथिने जातात, आणि गोडीमुळे दुसरा चमचा घेण्याचा मोह होतो. ‘कमी स्निग्धांश’ असे लिहिलेल्या अनेक उत्पादनांत काढलेल्या तेलाची जागा साखर व पिष्टमय पदार्थ घेतात आणि एकूण उष्मांक जवळपास तेवढेच राहतात. म्हणून जाहिरातीच्या ओळीपेक्षा घटकांची यादी आणि १०० ग्रॅममागील पोषणमूल्यांचा तक्ता वाचण्याची सवय लावावी.

तेल काढलेली भुकटी आणि तिची अट

उष्मांक खरोखर कमी करण्याचा मार्ग म्हणजे तेलाचा मोठा भाग दाबून काढणे. १०० किलो दाण्यांतून ४० किलो तेल निघाले तर ६० किलो खाद्य पेंड उरते. तिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३४५ उष्मांक आणि ४० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. या भुकटीच्या १२ ग्रॅममध्ये जवळपास ४० उष्मांक आणि ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. पाण्यात कालवली की तिची पीनट बटरसारखी पेस्ट होते. घाणा चालविणाऱ्या गटांना यात मूल्यवर्धनाची उत्तम संधी दिसते.

परंतु येथेच एक अट लागू होते. अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन तेलात फारसे उतरत नाही. त्यातील बहुतांश भाग पेंडीतच राहतो. समजा, दाण्यात किलोमागे १० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन आहे. १०० किलो दाण्यांतील हे विष ६० किलो पेंडीत एकवटले की तिच्यातील प्रमाण १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाते. म्हणजे उष्मांक कमी करताना विषाची तीव्रता दीडपट होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्याचे कारण शोधताना संशय खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर आला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला झाली. आज अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण मानले जाते.

भाजल्याने या विषाचा काही अंश घटतो, पण ते नष्ट होत नाही. शिवाय अख्खा खवट दाणा जिभेला कळतो आणि थुंकून टाकता येतो. दळल्यावर तो संपूर्ण घाण्यात मिसळतो. म्हणून पीनट बटर असो वा भुकटी, दळण्यापूर्वीची निवड हीच शेवटची संधी असते. भाजून, साल काढल्यानंतर काळपट, सुरकुतलेले, किडके दाणे वेगळे काढावेत आणि ते जनावरांच्या खाद्यातही वापरू नयेत.

कीड रोखली तर बुरशी रोखली

बुरशीला दाण्यात शिरण्यासाठी वाट लागते आणि ती वाट पुष्कळदा कीड करून देते. वाळवी शेंगेच्या टरफलावरील मऊ भाग कुरतडते. मागे केवळ शिरांची जाळी उरते आणि अशी कमकुवत शेंग बुरशीला सहज बळी पडते. पीक पक्व होताना पडणारा पाण्याचा ताण हा धोका आणखी वाढवितो. म्हणून शक्य असल्यास अखेरच्या टप्प्यात एक संरक्षित पाणी द्यावे, पक्वतेला वेळेवर काढणी करावी आणि वाळवीने कुरतडलेल्या शेंगा काढणीच्या वेळीच वेगळ्या ठेवाव्यात.

साठवणीत शेंगेतील भुंगेरा हा मुख्य शत्रू आहे. त्याची अळी टरफल भेदून दाणा खाते आणि नंतर शेंगेवर पांढरट कोष करते. हा भुंगेरा चिंचेवरही वाढतो. त्यामुळे शेंगा चिंचेच्या झाडाखाली वाळवू नयेत व चिंचेसोबत साठवू नयेत. सोललेल्या व फुटक्या दाण्यांवर तांबडा भुंगेरा आणि तांदळावरील पतंगाच्या अळ्या येतात. किडींच्या श्वसनामुळे साठ्यातील उष्णता व ओलावा वाढतो आणि बुरशीला पोषक स्थिती तयार होते.

शेंगांतील ओलावा सुमारे ८ टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच साठवण करावी. अशी शेंग हलविली की दाणे खुळखुळतात. साठा शक्यतो शेंगांच्या स्वरूपात, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावा. हवाबंद पिशव्यांत प्राणवायू संपल्याने कीटकनाशकाविना किडी मरतात. सोलणी यंत्रात दाणे फुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. पीनट बटरसाठी घेतलेल्या मालाबाबत ती पूर्णपणे टाळावी.

वाणाची निवड

भुईमूग संशोधन संचालनालय, जुनागड आणि इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून आलेले गिरनार ४ व गिरनार ५ हे वाण उच्च ओलिक आम्लाचे आहेत. त्यांच्या तेलात ओलिक आम्लाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असते. सर्वसाधारण वाणांत ते बरेच कमी असते. ओलिक आम्लाचे ऑक्सिडीकरण मंद गतीने होत असल्याने त्यांचे पीनट बटर लवकर खवट होत नाही. मात्र तेल कोणतेही असो, त्याच्या एका ग्रॅममध्ये उष्मांक ९ च असतात. उच्च ओलिक म्हणजे कमी उष्मांक, असा समज होऊ देऊ नये.

पीनट बटरचे उत्पादन करू इच्छिणाऱ्या गटांना मार्गदर्शन करताना विस्तार कार्यकर्त्यांनी दळणयंत्राची चौकशी नंतर करावी. प्रथम शेंगांची पोती उघडून ओलावा, कोष, छिद्रे आणि कुरतडलेली टरफले तपासावीत आणि अफ्लाटॉक्सिनची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी. ग्राहकासाठी बरणीसोबत १६ ग्रॅमचा मापचमचा आणि त्यातील उष्मांकांचा स्पष्ट उल्लेख दिल्यास खर्च थोडा वाढेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास टिकेल. निरोगी शेंगेतून निघालेले आणि मोजून खाल्लेले पीनट बटर कुणालाही वर्ज्य करण्याचे कारण नाही.