साताऱ्याचा काना

ज्या मासिकाच्या वर्गणीदार विभागात मी एकोणीस वर्षे कारकुनी केली, तेथील दप्तर एका तेवीस वर्षांच्या चिरंजीवाच्या हवाली करून गेल्या महिन्याच्या अखेरीस मी रीतसर रजा घेतली. शाल, श्रीफळ आणि भाषणे यथासांग पार पडली, परंतु कामाचा तपशील समजावताना माझी जीर्ण वही त्याच्यापुढे उघडली, तेव्हा "काका, हे सगळं तुम्ही पाठ केलं होतं?" असे त्याने जे विचारले, त्यात आदर किती आणि कीव किती याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

वहीत रेजेक्स होते. म्हणजे अस्ताव्यस्त मजकुरातून हवे तेवढेच नेमके वेचून काढणारी सांकेतिक सूत्रे. या विद्येची वंशावळ सांगण्याचा मला कंटाळा आहे. मज्जातंतूंच्या गणिती प्रतिमानाचा विचार करता करता स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली तिची मांडणी केली, १९५६ साली ती प्रसिद्ध झाली, १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी तिला मजकूर शोधण्याच्या कामास जुंपले आणि पुढे युनिक्स या संगणकप्रणालीत 'ग्रेप' हा शोध-आदेश अवतरला. त्यानंतर पर्लादी भाषांनी तिच्यात जी भर घातली, ती जिज्ञासूंनी परस्पर पाहून घ्यावी.

माझे दशक २००६ ते २०१६. वर्गणीदारांच्या याद्या कोणी, केव्हा, कशा टंकल्या होत्या हे देव जाणे. 'मु. पो.', 'मुक्काम पोस्ट', 'मु॥ पो॥' ही एकाच गोष्टीची तीन रूपे एकाच पानावर सुखाने नांदत. पिन कोड १९७२ सालीच सुरू झालेला असूनही सदाशिव पेठेतील सद्गृहस्थ '४११०३०' लिहिण्याऐवजी केवळ 'पुणे ३०' लिहून मोकळे होत, जणू आधीचे आकडे ठाऊक नसणाऱ्या इसमाशी त्यांना पत्रव्यवहारच ठेवावयाचा नव्हता. हे सारे एकसारखे करण्याचा हुकूम सुटला, आणि मी संध्याकाळी कार्यालय रिकामे झाल्यावर रेजेक्स शिकू लागलो.

'ता.' चे 'तालुका' आणि 'मु.' चे 'मुक्काम' करावे, इतकीच माझी पहिली आकांक्षा होती. रेजेक्समध्ये बिंदू म्हणजे पूर्णविराम नव्हे, तर 'कोणतेही एक चिन्ह', आणि खरा पूर्णविराम अभिप्रेत असल्यास बिंदूआधी तिरपी रेघ द्यावी लागते, हे मी वाचले होते. परंतु वाचणे निराळे आणि अंगी मुरणे निराळे. यंत्राने माझ्या शब्दाला जागून 'सातारा' मधला 'तार' उचलला आणि त्या जागी 'तालुका' बसवला. छापील पत्त्यांवर 'सातालुका' उमटले व पुढे ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळणारा एक निराधार काना उरला. 'मुंबई' चे 'मुक्कामबई' झाले. पिन कोड शाबूत होते, म्हणून अंक बहुतेक पोचले; एका सातारकराने मात्र पोस्टकार्डावर आपला पत्ता मुद्दाम 'सातालुका' असा लिहून पाठवला. ते कार्ड वहीत आहे.

त्यानंतर पंधरा दिवस मी प्रत्येक पत्ता डोळ्यांखालून घातला. नावाआधी 'कै.' असलेली कित्येक नावे तेव्हा सापडली: वडील गेले, तरी मुलांनी वर्गणी त्यांच्याच नावाने चालू ठेवलेली. 'कै.' सरसकट गाळण्याचा आदेश होता. एका सूत्राचे काम. ते मी केले नाही.

पुढे पायथन या संगणकभाषेशी गाठ पडली. शब्दातील अक्षर ओळखण्याचा तिचा संकेत कान्यामात्रेस अक्षर मानीतच नाही, त्यामुळे 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. (पर्ल हा आचरटपणा करीत नाही.) पहिला तुकडा पडद्यावर पाहिला तेव्हा तो मलाच उद्देशून आहे असे क्षणभर वाटले. मग अक्षरे व मात्रा दोन्ही सामावणारा देवनागरीचा पल्ला मी कंसात स्वतः लिहून दिला. वर्षअखेरीस याद्या स्वच्छ झाल्या. अहवालात त्याचे श्रेय तत्कालीन वरिष्ठांनी 'नव्या संगणकप्रणालीस' दिले, आणि साताऱ्याचा प्रमाद मात्र 'संबंधित कारकुनाच्या हौसेस'. तो अहवाल मी जपून ठेवला आहे. क्षमाशीलतेचा दावा मी कधीच केलेला नाही.

आता चिरंजीव यंत्राला साध्या मराठीत विचारतात आणि यंत्र सूत्र लिहून देते. माझ्यासमोरच त्याने 'ता.' चा प्रश्न घातला. पापणी लवण्याच्या आत उत्तर आले आणि ते बिनचूक होते. बिंदूआधी तिरपी रेघ होती. मी तिच्यावर बोट ठेवून विचारले, "ही कशाला?"

त्याने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "असतेच ती, काका," तो म्हणाला, आणि सूत्र चालवले. एकही पत्ता न वाचता.