अहवाल पाहून मुलाचं अंडं बंद करू नका

अंगावर पित्त उठलं की हल्ली रक्ताच्या ॲलर्जी टेस्टचा सल्ला मिळतो. अहवाल येतो आणि दूध, अंडी, शेंगदाणे, तूरडाळ एका झटक्यात बंद होतात. नंदुरबार जिल्हा कुपोषणाशी झुंजतो आहे; इथल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी, केळी दिली जातात. तिथे चुकीचं पथ्य मुलाला महागात पडतं.

गैरसमज : टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे ॲलर्जी.
वस्तुस्थिती : टेस्ट रक्तातली आयजीई प्रतिपिंडं मोजते. ती असूनही अनेकांना तो पदार्थ बिनत्रास पचतो. बंगळुरू-म्हैसूरकडच्या प्रौढांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई आढळलं. ॲलर्जीची दाट शक्यता मात्र 1.2 टक्के लोकांतच दिसली. निदान ठरतं ते काय खाल्लं, किती वेळात त्रास झाला, दरवेळी होतो का, यावरून. आयजीईची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. शंका उरलीच, तर रुग्णालयात डॉक्टरांसमोर तो पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून खात्री करतात.

गैरसमज : एकूण आयजीई वाढलं, म्हणजे खाण्याचीच ॲलर्जी.
वस्तुस्थिती : पोटातल्या जंतांमुळेही ते वाढतं, दमा आणि इसब असतानाही. अनवाणी हिंडणाऱ्या मुलाचा असा अहवाल आला, तर आधी जंतांचा विचार व्हायला हवा.

गैरसमज : शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी टेस्ट जास्त चांगली.
वस्तुस्थिती : आयजीजी हे आयजीईहून वेगळं प्रतिपिंड; ते एवढंच सांगतं, की तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. रोजची भाकरी, डाळ त्या यादीत येणारच. निदानासाठी ही टेस्ट वापरू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे.

गैरसमज : मिरचीने ठसका लागतो, दुधाने पोट फुगतं, ही ॲलर्जीच.
वस्तुस्थिती : नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीवर शिंका, खोकला, डोळ्यांची आग होते, ती मुख्यतः मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या झोंबण्यामुळे. दुधाने पोट फुगतं, ते बहुतेकदा त्यातली साखर पचवणारं विकर कमी पडल्यामुळे. या दोन्हींत आयजीईचा संबंध नाही.

गैरसमज : आयजीईचा आकडा मोठा, तर ॲलर्जीचा झटकाही मोठा.
वस्तुस्थिती : आकडा वाढतो तशी ॲलर्जीची शक्यता वाढते, झटका किती जोराचा येईल, हे त्यावरून कळत नाही. खाल्ल्यावर घसा आवळला, धाप लागली, चक्कर आली, तर नुसत्या सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नका. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून दवाखाना लांब पडतो, म्हणून 108 ला लगेच फोन करा.

टेस्टआधी पदार्थ, वेळ आणि त्रास कागदावर लिहा, पुरळाचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. कुठली टेस्ट करायची आणि करायची की नाही, हे त्यावरूनच ठरू द्या.